घरामागच्या मेपलचं सिरप: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आमच्या मागच्या अंगणात मेपल आहेत, त्याचं सिरप खरंच घरी होतं का, असं इथे नवीन घर घेतलेलं कोणी ना कोणी दर फेब्रुवारीत मला विचारतंच. होतं. मी अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये राहते आणि गेली सात वर्षं करतेय, मोठं मशीन वगैरे काही नाही, तीन झाडं, चार तोट्या, सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची चूल आणि बुफेमध्ये भाजी ठेवतात तसले स्टीलचे दोन ट्रे, बस्स. न्यू हॅम्पशायर, मेन, अपस्टेट न्यूयॉर्क, मिशिगन, ओंटारिओ, क्वेबेक, या पट्ट्यात कुठेही असाल तरी पद्धत हीच, फक्त तारखा थोड्या मागेपुढे.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे नंतर हिरमोड नको. झाडातून सिरप येत नाही, रस येतो, अगदी पाण्यासारखा दिसणारा, आणि त्यात साखर असते साधारण २ टक्के. आमच्या आजोळी शिरोळकडे गुऱ्हाळ होतं त्यामुळे मला आधी वाटलेलं की हे काकवीसारखंच असणार, पण उसाच्या रसात साखर याच्या सात-आठ पट असते. इथे साधारण ४० गॅलन रस आटवला की १ गॅलन सिरप मिळतं. इथले लोक ८६ चा नियम वापरतात: रसात जितके टक्के साखर तितक्याने ८६ ला भागायचं, १ गॅलन सिरपला किती गॅलन रस लागेल ते निघतं. २ टक्के असेल तर ४३ गॅलन, अडीच टक्के असेल तर साडेचौतीस. म्हणजे अर्ध्या टक्क्याने केवढा फरक पडतो बघा, आणि म्हणूनच कुठलं झाड निवडताय ते महत्त्वाचं.

एका तोटीतून पूर्ण सीझनमध्ये साधारण १० गॅलन रस मिळतो, म्हणजे जेमतेम १ क्वार्ट, पाव गॅलन, सिरप. म्हणून पहिल्या वर्षी तीन किंवा चारच तोट्या लावा. दहा लावल्या तर एखाद्या उबदार शनिवारी एकदम पंधरा-वीस गॅलन रस येऊन पडेल आणि आटवायला ना भांडी ना जळण ना वेळ, शेवटी नासून ओतून द्यावा लागेल. झाडाने दिलेलं असं ओतून द्यायला फार जिवावर येतं.

झाड ओळखून ठेवा, शक्यतो पानं असतानाच

हे काम खरं तर ऑक्टोबरचं. शुगर मेपलचं पान म्हणजे कॅनडाच्या झेंड्यावर असतं साधारण तसलं, पाच टोकं, आणि दोन टोकांमधली खाच खाली गोलसर, कडा गुळगुळीत. रेड मेपलच्या पानाच्या कडेला करवतीसारखे बारीक दात असतात आणि खाच टोकदार. लाल रिबिन बांधून ठेवा झाडाला, हिवाळ्यात सगळी झाडं सारखीच दिसायला लागतात. पानं गळून गेली असतील तर फांद्या बघा, मेपलच्या फांद्या आणि कळ्या समोरासमोर जोडीने येतात, ओकसारख्या एक इकडे एक तिकडे अशा नाही. शुगर मेपलची कळी तपकिरी आणि टोकदार, रेड मेपलची लालसर आणि बुटकी गोल. ॲशच्या फांद्याही समोरासमोरच असतात, म्हणून फक्त फांद्यांवर जाऊ नका, कळी बघाच.

रेड मेपल, सिल्व्हर मेपल, बॉक्सएल्डर यांचंही सिरप होतं, त्यात काही वावगं नाही, पण साखर बहुतेक वेळा कमी आणि कळ्या लवकर फुगतात म्हणून सीझन छोटा. आपल्याकडे जे झाड आहे त्यावर करायचं. पण झाडावर किडीसाठी औषध टोचलेलं असेल तर त्या झाडाला हात लावू नका, आणि घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारा.

जाडी मोजायची ती जमिनीपासून साडेचार फुटांवर. शिवणकामाची टेप घेऊन बुंध्याभोवती गुंडाळा. घेर ३८ इंच म्हणजे व्यास १२ इंच, तिथून पुढे एक तोटी. घेर ५७ इंच म्हणजे व्यास १८, तेव्हाच दुसरीचा विचार, आणि तोही झाड तब्येतीने चांगलं असेल, शेंडा भरलेला असेल तर. आमच्या मागे एक जुना मेपल आहे, वरच्या फांद्या वाळलेल्या, त्याला मी काहीच लावत नाही. त्याने भरपूर दिलंय आधीच्या मालकांना, बुंध्यावर जुन्या भोकांच्या खुणा दिसतात.

सामान

स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या तोट्या, इथे त्यांना स्पाइल म्हणतात, ५/१६ इंची मापाच्या घ्या. पूर्वी ७/१६ ची चालायची, पण छोट्या भोकाची जखम झाड लवकर भरून काढतं आणि रस फारसा कमी होत नाही. त्याच मापाचं नवीन धारदार ड्रिल बिट. झाकणाच्या बादल्या, फूड-ग्रेडच, रंगाच्या किंवा साबणाच्या रिकाम्या बादल्या धुऊन वापरू नका, वास जात नाही. जुन्या बाजारात सुंदर दिसणाऱ्या पत्र्याच्या बादल्या मिळतात, त्यांच्या सांध्यांना शिसं असू शकतं, त्या शोभेला ठेवा, रसाला नको. एक चांगला डिजिटल थर्मामीटर, लोकरीचा किंवा सिंथेटिक फेल्टचा गाळायचा कोन, काचेच्या बाटल्या. हायड्रोमीटर, म्हणजे सिरप किती घट्ट झालंय ते तरंगून दाखवणारी काचेची नळी, पहिल्या वर्षी नसला तरी चालतं, दुसऱ्या वर्षी घ्याच.

कधी भोक पाडायचं

रात्री पाणी गोठेल एवढी थंडी आणि दिवसा ४० ते ४५ फॅरेनहाइट, असे सलग चार-पाच दिवस हवामानाच्या ॲपवर दिसले की सुरू करायचं. रात्री खोडातला रस गोठायला लागला की लाकडाच्या तंतूंमधला वायू आकसतो आणि झाड मुळांकडून पाणी वर ओढून घेतं, सकाळी ऊन पडलं की बर्फ वितळतो, वायू फुगतो, आत दाब तयार होतो आणि जिथे भोक असेल तिथून रस बाहेर. म्हणून नुसती थंडी असून उपयोग नाही आणि नुसतं ऊन असूनही नाही, दोन्ही रोज आलटून पालटून हवं.

व्हरमाँटमध्ये जुनी माणसं सांगतात की टाऊन मीटिंग डेला, म्हणजे मार्चच्या पहिल्या मंगळवारी, तोट्या लावलेल्या असाव्यात. पण आता हिवाळे बदललेत, मोठे व्यावसायिक तर जानेवारीतच लावून मोकळे होतात. माझा अंदाज साधा आहे, फेब्रुवारीच्या मध्यापासून रोज ॲप बघायचं. आपला पाडवा येतो तोवर सीझन एक तर ऐन भरात असतो नाही तर संपत आलेला.

भोक पाडणं

दिवसा, झाड गोठलेलं नसताना करा, गोठलेल्या लाकडात तोटी ठोकली तर ते चिरतं. जमिनीपासून दोन ते चार फूट उंच, सोयीचं पडेल तिथे, पण बर्फ किती साचलाय ते लक्षात घ्या, मी पहिल्या वर्षी बर्फावर उभी राहून लावली आणि बर्फ वितळल्यावर बादली माझ्या डोक्याच्या उंचीवर गेली. वर एखादी मोठी फांदी किंवा खाली जाड मूळ असेल त्या रेषेत रस चांगला येतो.

ड्रिल बिटवर दीड इंचाला टेप चिकटवा, तेवढंच खोल जायचं, फार तर दोन इंच. ड्रिल किंचित वरच्या दिशेला धरा म्हणजे रस आपोआप बाहेर उतरेल. आणि आता बाहेर येणारा कीस नीट बघा. पांढरट, सायीच्या रंगाचा, ओलसर कीस म्हणजे जिवंत लाकूड, जागा बरोबर. तपकिरी, कोरडा कीस आला तर ते मेलेलं लाकूड, तिथून रस येणार नाही. भोकात फुंकर मारू नका, तोंडातले जंतू जातात, कीस बिटनेच ओढून काढा.

मग तोटी बसवून हलक्या हाताने हातोडी. पहिले दोन-तीन ठोके पोकळ वाजतात, मग आवाज एकदम घट्ट होतो, तिथे थांबायचं. त्यापुढे एकही ठोका नको. दिवस चांगला असेल तर तुम्ही हातोडी खाली ठेवायच्या आत तोटीच्या टोकाला थेंब जमतो, आणि बादली धातूची असेल तर टप टप आवाज अख्ख्या अंगणात ऐकू येतो. जिभेवर घेऊन बघा, गोड आहे की नाही असा प्रश्न पडावा इतपतच गोड. बादलीला झाकण लावा, पाऊस आणि पाखरं दोन्ही आत जातात.

जुनी भोकं असतील तर नवीन भोक त्यांच्या वर किंवा खाली सरळ रेषेत घेऊ नका. झाड त्या जखमेभोवती लाकूड बंद करून टाकतं, आणि हा मेलेला पट्टा आडवा अरुंद पण उभा लांबलचक असतो. म्हणून दर वर्षी आडवं निदान सहा इंच सरकायचं आणि थोडं वरखालीही, असं हळूहळू बुंध्याभोवती फिरत जायचं.

रस साठवणं

रसाला दुधासारखंच समजा. फ्रिजमध्ये किंवा सावलीतल्या बर्फात पुरून, ३८ फॅरेनहाइटच्या खाली, आणि सात दिवसांच्या आत आटवून टाका, जितक्या लवकर तितकं चांगलं. गढूळ झाला, वास आला की सोडून द्या. बादलीत सकाळी बर्फाचा थर दिसतो, तो मी काढून टाकते, बर्फात मुख्यतः पाणीच असतं आणि साखर खाली उरलेल्या रसात जास्त राहते, तेवढंच जळण वाचतं. ओतताना पातळ कापडातून गाळा, साल, किडे वगैरे निघून जातात.

आटवणं

हे घरात करू नका. १० गॅलन रसातलं पावणेदहा गॅलन पाणी वाफ होऊन तुमच्या स्वयंपाकघराच्या छतावर आणि भिंतींवर बसणार, आणि ती वाफ चिकट असते. वॉलपेपर असेल तर सुटतो. बाहेर करायचं, आणि लाकडाची चूल मांडणार असाल तर तुमच्या गावाचे आगीचे नियम आधी बघून घ्या. प्रोपेनच्या शेगडीवरही होतं पण टाक्यांवर टाक्या संपतात, खर्च सिरपपेक्षा जास्त होतो.

माझी चूल म्हणजे ब्लॉकचे दोन आडवे थर, मागच्या बाजूला धूर जायला जागा, वर दोन ट्रे बरोबर बसतात. गुऱ्हाळाचं चुलाण बघितलेल्याला वेगळं सांगायला नको, सगळा खेळ भांड्याच्या रुंदीचा आणि जाळाचा आहे. खोल पातेलं घेऊ नका, उथळ आणि पसरट भांडं घ्या, वाफ वरच्या पृष्ठभागातून जाते. माझ्याकडे दोन ट्रेमध्ये तासाला साधारण अडीच गॅलन पाणी उडतं, तेही जळण वाळलेलं आणि मनगटाएवढं बारीक चिरलेलं असेल तर. जाड ओंडके टाकलेत तर नुसता धूर.

ट्रेमध्ये रस दीड-दोन इंच ठेवायचा, कमी झाला की नवीन रस घालायचा, पण थंडगार ओतला तर उकळी बसते, म्हणून बाजूला एका पातेल्यात गरम करून घालत राहा. वर फेस येतो, आमच्याकडे त्याला मळी म्हणायचे, ती झाऱ्याने काढत राहायची. गुऱ्हाळात रानभेंडीचा चीक टाकून मळी वर आणतात, इथे त्याची गरज नाही, रस तसा स्वच्छच असतो. उतू जायला लागलं तर लोण्याचा अगदी हरभऱ्याएवढा तुकडा टाका, फेस क्षणात बसतो, फक्त घरात कोणाला दुधाची ॲलर्जी असेल तर ते सिरप देताना सांगा. अंधार पडला आणि रस शिल्लक असला तर जाळ काढून, झाकून, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करता येतं, त्यात काही बिघडत नाही.

दुपारी कधीतरी रंग बदलायला लागतो, पाण्याचा फिकट चहा होतो, आणि वाफेला तो वास यायला लागतो. माझी मुलगी त्या वासावर शाळेतून आल्या आल्या सरळ मागच्या अंगणात येते.

शेवटचा अर्धा तास

इथे मात्र जागचं हलायचं नाही. मी पहिल्या वर्षी नऊ तास आटवून शेवटी पाच मिनिटं फोन घ्यायला आत गेले आणि परत आले तेव्हा ट्रेमध्ये काळा थर, सगळं करपलेलं. सिरप पातळ असेपर्यंत ते सावकाश चालतं, पण पाणी कमी झालं की शेवटचे अंश भराभर चढतात आणि थर अर्ध्या इंचाचा राहिला की करपायला दोन मिनिटं पुरतात.

म्हणून सिरप जवळ आलं असं वाटलं, म्हणजे रंग चहासारखा आणि तापमान पाण्याच्या उकळीपेक्षा दोन-तीन अंश वर, की सगळं एका उंच पातेल्यात ओतून घरातल्या गॅसवर आणा. आता थोडंच पाणी उरलेलं असतं, त्याने भिंतींना काही होत नाही, आणि आच हातात राहते.

किती अंशाला काढायचं? त्या दिवशी तुमच्याकडे साधं पाणी जितक्या अंशाला उकळतं त्याच्या ७ फॅरेनहाइट वर. समुद्रसपाटीला पाणी २१२ ला उकळतं म्हणून सगळीकडे २१९ लिहिलेलं असतं, पण डोंगरावर राहत असाल किंवा हवेचा दाब कमी असेल तर हा आकडा खाली येतो, म्हणून दर वेळी शेजारी एका भांड्यात पाणी उकळून थर्मामीटर बुडवून बघा. सेल्सिअस वापरत असाल तर ४ अंश वर, म्हणजे साधारण १०४. तेव्हा साखर ६६ टक्क्यांच्या पुढे असते. व्हरमाँटचा नियम ६६.९ चा आहे, इतरांपेक्षा किंचित घट्ट.

आता आपल्या बायकांना, आणि पाक करणाऱ्या पुरुषांनाही, खास सांगते. एकतारी पाकाची सवय इथे वापरू नका. दोन बोटांत तार यायची वाट बघितलीत तर बहुतेक वेळा पुढे गेलेलं असतं, आणि मग महिन्याभराने बाटलीच्या तळाला खडीसाखरेसारखे खडे जमतात. त्याऐवजी पळी बुडवून आडवी धरा. आधी थेंब सुटे सुटे पडतात, मग दोन थेंब कडेला एकमेकांकडे सरकतात, जोडले जातात आणि पातळ पडद्यासारखे एकत्र लोंबतात. तो पडदा दिसला आणि थर्मामीटरही तेच म्हणतोय, की गॅस बंद. पुढे गेलंच तर घाबरू नका, थोडा रस नाही तर पाणी घालून परत उकळा. कमी आटलं तर मात्र बाटलीत बुरशी येते.

हायड्रोमीटर असेल तर उंच नळीत उकळतं सिरप भरून लगेच सोडा, गरम सिरपसाठी त्यावर वेगळी लाल रेघ असते, ती पातळीला आली की झालं.

गाळणं आणि भरणं

सिरपमध्ये बारीक वाळूसारखा गाळ तयार होतो, त्याला इथे शुगर सँड म्हणतात, झाडातलेच क्षार असतात ते, खाल्ले तरी अपाय नाही पण दाताखाली येतात आणि सिरप गढूळ दिसतं. फेल्टचा कोन गरम पाण्यात भिजवून पिळून घ्या आणि सिरप कडकडीत गरम असतानाच गाळा, थंड झालं तर थेंबही पुढे सरकत नाही. कोन नसेल तर बरणीत दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं हलकेच ओतून घ्या.

मग पुन्हा १८० ते १९० फॅरेनहाइटपर्यंत गरम करा, उकळू देऊ नका नाहीतर परत गाळ तयार होतो. गरम बाटल्यांत काठोकाठ भरा, झाकण लावा आणि बाटली दोन-तीन मिनिटं आडवी ठेवा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही त्या उष्णतेने निर्जंतुक होते. बाटली एकदा उघडली की फ्रिजमध्ये.

पहिल्या रसाचं सिरप सोनेरी आणि सौम्य, शेवटच्याचं गडद. दुकानात बाटलीवर गोल्डन, अँबर, डार्क, व्हेरी डार्क लिहिलेलं असतं ते हेच, दर्जा कमी-जास्त नाही, रंग आणि चव वेगळी. हवा गरम होत जाते तसे जंतू रसातल्या थोड्या साखरेचं ग्लुकोज करतात आणि आटताना तो जास्त गडद होतो. मला स्वतःला गडदच आवडतं, काकवीच्या जवळचं लागतं, घावनावर तेच घ्यावं.

थोडं सिरप बाजूला ठेवून २३५ फॅरेनहाइटपर्यंत आटवा आणि न ढवळता ताज्या स्वच्छ बर्फावर बारीक धारेने ओता. चिक्कीच्या आधीचा चिवट पाक होतो, काटा फिरवून उचलायचा. व्हरमाँटमध्ये त्याच्यासोबत आंबट काकडीचं पिकल आणि साधा डोनट देतात. मुलांना भांड्याजवळ येऊ देऊ नका, हा पाक पाण्यापेक्षा कितीतरी वाईट भाजतो.

ही विद्या मुळात इथल्या अबेनाकी, अनिशिनाबे अशा आदिवासी लोकांची. युरोपातून माणसं यायच्या आधीपासून ते बर्चच्या सालीच्या भांड्यांत रस गोळा करून त्याची साखर करत आले आहेत, आणि आजही करतात. मुलांना शाळेत काही वेगळं सांगितलं तर हे घरी नक्की सांगा.

सीझन संपला कसा ओळखायचा

रात्री गोठणं थांबलं किंवा झाडाच्या कळ्या फुगायला लागल्या की थांबायचं. कळ्या फुगल्यावर रस येतो पण त्याच्या सिरपला एक कुबट वास लागतो, तो कशानेही जात नाही. रस पिवळसर, गढूळ दिसला तरी तेच समजा.

तोटी हळूच आजूबाजूला हलवून पक्कडीने किंवा हातोडीच्या मागच्या बाजूने ओढून काढा. भोकात बूच, मेण, माती काहीही भरू नका, तसंच सोडा, झाड स्वतः बंद करतं, चांगल्या झाडाला एक ते तीन वर्षं लागतात. तोट्या आणि बादल्या कडकडीत पाण्याने धुवा, साबण नको, पूर्ण वाळवून ठेवा. आणि एका कागदावर प्रत्येक झाडाचं भोक कुठल्या दिशेला, किती उंचीवर होतं ते लिहून त्याच बादलीत टाका, पुढच्या फेब्रुवारीत झाकण उघडाल तेव्हा तो कागद सगळ्यात आधी हाताला लागेल.